माळावरचे पाल: फासेपारध्यांच्या शिकारी तळाचा इतिहास

फासेपारधी हा महाराष्ट्रातला पिढीजात शिकारी समाज. हरिण, ससा, तितर, लावा यांना फाशात धरायचे आणि त्यावर पोट भरायचे, हा त्याचा धंदा होता. गावाबाहेरच्या माळावर ठोकलेले पाल हे त्याचे घर होते. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, धाराशिव या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात आणि विदर्भात अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ या भागांत हा समाज विखुरलेला आहे. विदर्भात त्याच्या वस्तीला बेडा म्हणतात, तर पश्चिम महाराष्ट्रात पाल किंवा तळ. काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे ही त्याच्यातली नेहमीची आडनावे. घरात बोलली जाणारी पारधी भाषा गुजरातीला जवळची आहे. समाजातली वडीलधारी माणसे आपले मूळ राजस्थान-गुजरातकडचे सांगतात.

शिकारीचा तळ म्हटला की संस्थानिकांचे तंबू, हत्ती, बंदुका आणि खानसामे डोळ्यांपुढे येतात. फासेपारध्यांचा तळ तसा नव्हता. हौस म्हणून चार दिवस रानात जाऊन परतायचे, अशी तिथे सोय नव्हती, कारण परतायला दुसरे घरच नव्हते. बारा महिने, पिढ्यान्‌पिढ्या, विहीर, वीज, रस्ता आणि सातबारा यांपैकी काहीही नसताना माणसे माळावर राहिली. त्यासाठी त्यांनी कामाची विभागणी, शिकारीची वाटणी, मुलखाच्या हद्दी आणि न्यायनिवाडा अशी सगळी घडी स्वतःच बसवली. इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारण्याआधीची ही घडी समजून घेतल्याशिवाय या समाजाचा इतिहास पुरा होत नाही.

मुलूख आणि हरणे

पुणे जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे-पिंपरीकडे तो सातशेच्या आसपास येतो आणि दौंड-इंदापूरकडे जेमतेम पाचशे उरतो. पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यांतून पुढे भीमेच्या काठाने उतरले की डोंगर मागे पडतात आणि माळ सुरू होतो. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, त्यापलीकडे श्रीगोंदा, कर्जत, करमाळा असा हा सलग कोरडा मुलूख आहे. वर मुरमाड टेकाडे, खाली काळी शेते आणि मधून वाहणारे ओढे. टेकाडांवर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते आणि अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर.

या माळावर काळवीट आणि चिंकारा हे दोन प्राणी राहतात. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने ते खरे हरिण नव्हेत, कुरंग आहेत. सांबराची किंवा चितळाची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, कुरंगांची शिंगे आयुष्यभर टिकतात. बोलीत मात्र दोघांनाही हरिणच म्हणतात. काळविटाला उघडे गवताळ रान लागते. तो कळपाने राहतो, लांबवर पाहतो आणि नजर व वेग यांच्या जोरावर जगतो. चिंकारा लहान टोळीने, ओढ्यांच्या आणि टेकाडांच्या आसऱ्याने राहतो आणि पाण्यावाचून बराच काळ काढू शकतो. दोघेही रात्री आणि पहाटे पिकांत उतरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हरणांचा कळप म्हणजे ज्वारीचा आणि हरभऱ्याचा शत्रू. शेतकरी आणि पारधी यांचे जुने नाते यातूनच जुळले होते.

शिकारीच्या रीती

दख्खनमध्ये हरणांच्या शिकारीचे शास्त्र फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयेचा स्वतंत्र भाग आहे, आणि शिकवलेल्या हरणाच्या साहाय्याने रानातले हरिण पकडण्याची रीतही त्यात येते. राजाला ती रीत सांगणारा आणि करून दाखवणारा माणूस रानात राहणारा शिकारीच असणार.

इंग्रजी अमदानीत आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ लिहिला, तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पारध्यांच्या अनेक शाखा नोंदवल्या आहेत. बंदूक वापरणारे शिकारी किंवा भील पारधी, फासे लावणारे फासेपारधी, कमरेला फक्त लंगोटी लावणारे लंगोटी पारधी, जात्यांना टाकी लावणारे टाकणकार, शिकवलेला चित्ता घेऊन हिंडणारे चित्तावाले आणि गुराच्या आडोशाने सावज गाठणारे गायके अशी ही यादी आहे. साधन बदलले की शाखेचे नाव बदलत असे. फासेपारध्यांनी बंदुकीला हात लावला नाही. फास, जाळे, पिंजरा आणि स्वतःचा गळा एवढीच त्यांची हत्यारे.

हरणाचा फास तातीचा किंवा चामड्याच्या वादीचा असे. एका लांब दोरीला ठरावीक अंतराने सरकगाठीचे फास बांधलेले असत आणि ती दोरी मेखांनी जमिनीला घट्ट केलेली असे. दोरीची गुंडाळी खांद्याला अडकवून माणूस मैलोन्‌मैल चालू शके. फास लावण्याआधी माळ वाचावा लागे. कळप कोणत्या वाटेने चरायला येतो, कोणत्या वाटेने पाण्याला जातो, वारा कुठून आहे, लेंड्या ताज्या आहेत की वाळल्या आहेत, हे सगळे पाहून मगच जागा ठरे. मग हरणांच्या वाटेला आडवी दोरी पसरायची, मेखा ठोकायच्या, फास गवताच्या उंचीला उघडे ठेवायचे आणि वरून गवताची पाती सारखी करायची.

पुढचे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. दोन-तीन माणसे लांबचा वळसा घालून कळपाच्या मागे जात. तिथे आरडाओरडा आणि धावपळ केली तर सगळा डाव फुकट जाई, कारण बिथरलेले काळवीट उड्या मारत निघते आणि जमिनीलगतच्या फासावरून सहज निघून जाते. म्हणून मागची माणसे वाटसरूसारखी सावकाश, तिरकी चालत. कळपाने मान वर केली की थांबायचे, मान खाली गेली की पुन्हा चार पावले टाकायची. कळप अस्वस्थ होऊन चालू लागे, पण पळत सुटत नसे. फासाच्या दोन्ही टोकांना माणसे गवतात निजलेली असत. कळप एका बाजूला कलू लागला की त्या बाजूचा माणूस जरासा उठे, तेवढ्याने कळप मध्यावर येई. बोलणे वर्ज्य होते, खुणा चालत त्या शिटीने आणि पाखराच्या आवाजाने. एखाद्या हरणाचा पाय फासात गेला की गाठ आवळली जाई आणि निजलेली माणसे धावत येऊन त्याला धरत.

दुसरी रीत पाळलेल्या काळविटाची. लहानपणी धरून वाढवलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या कळपाजवळ सोडत. कळपाचा नर या परक्या नराला हुसकायला येई, शिंगांना शिंगे भिडत आणि रानातला नर फासात अडके. गायके पारध्यांची रीत आणखी वेगळी होती. शिकवलेले जनावर चरत चरत पुढे सरके आणि त्याच्या आड वाकून चालणारा शिकारी सावजाच्या जवळ जाई. माळावर गुरे रोजची असल्यामुळे हरणे आणि पाखरे त्यांना बुजत नसत.

पाखरांसाठी बांबूच्या बारीक काड्यांना लावलेले फास आणि पिंजऱ्यातला पाळीव तितर असे. पाळीव तितर ओरडला की त्या भागाचा मालक असलेला रानतितर भांडायला येई. पाळीव पाखरू नसेल तर पारधी तोंडानेच आवाज काढत. तितर, लावा, मोर, ससा, कोल्हा यांचे हुबेहूब आवाज काढणारी माणसे प्रत्येक तळावर असत. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी पारध्यांचे पक्षिज्ञान मराठी वाचकांपुढे आदराने मांडले.

तळावरचा दिवस

तळ म्हणजे सहसा एकमेकांच्या नात्यातली काही कुटुंबे. भाऊ, चुलतभाऊ, जावई, मेहुणे, त्यांची बायकापोरे आणि म्हातारी माणसे. तळाची जागा गावापासून दूर, पण गावाला धरून असे. गायरानाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, बाभळीच्या सावलीत. गाव जवळ हवे, कारण धान्य, मीठ आणि बाजार तिथेच. गावात मात्र त्यांना जागा नसे, आणि गावच्या विहिरीवर पाणीही मिळत नसे. म्हणून ओढा, झरा किंवा नदीच्या वाळूत काढलेला झिरा पाहूनच पाल पडे.

पाल अगदी लहान असे. वाकवलेल्या काठ्या, त्यांवर चिंध्यांची गोधडी किंवा जाडेभरडे कापड, पावसाळ्यात वरून गवत. आत उभे राहता येत नसे. आत जायचे ते झोपायला आणि पावसापासून वाचायला, बाकीचा संसार बाहेर, तीन दगडांच्या चुलीभोवती. सामान एवढे थोडे की सूर्य वर यायच्या आत सगळा तळ गुंडाळून वाटेला लागे. भांडी, गोधड्या, फाशांच्या गुंडाळ्या, पिंजरे आणि देवाचे गाठोडे गुराच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर जाई. बरोबर कुत्री, कोंबड्या आणि एखादी शेळी.

दिवस पहाटेपूर्वी सुरू होई. हरणांच्या मागे जाणारे पुरुष आणि मोठी मुले अंधारातच निघत. मागे राहिलेल्या बायका पाणी आणि जळण आणत आणि उजाडल्यावर गावाची वाट धरत. आदल्या दिवशी धरलेले तितर-लावे, मध, डिंक, रानातली औषधी मुळे विकणे किंवा धान्यावर बदलणे हे त्यांचे काम. विक्री झाली नाही तर गावातून भाकरी मागून आणणेही त्यांच्याच वाट्याला येई. शिकार रोज मिळत नाही. पुरुषांच्या फाशातला दिवस रिकामा गेला तरी बायकांच्या टोपलीमुळे पोरांच्या तोंडात घास पडे. तळाचे रोजचे जेवण खरे तर बायकांच्या पायपिटीवर उभे होते, हरणाचे मांस त्यातला सणाचा भाग.

मुलांची शाळा तळावरच भरे. चालता येऊ लागले की मूल पाखरांसाठी लहान फास लावू लागे. माग ओळखणे, आवाज काढणे, वारा पाहणे, गवतात न हलता निजून राहणे हे सगळे बापाच्या आणि आजाच्या मागे हिंडून येई. गवतात तासभर न हलता पडून राहणारा दहा वर्षांचा मुलगा हा तळाचा कमावता माणूस होता.

दुपारी पुरुष परतले की फासांची दुरुस्ती निघे. ताती ओल्या करून पिळायच्या, झिजलेल्या सरकगाठी बदलायच्या, मेखांना टोके काढायची. हे काम सगळे मिळून सावलीत बसून करत, आणि सकाळच्या शिकारीचा हिशेब त्याच वेळी होई. कोण लवकर उठला, कोणाच्या बाजूने कळप फुटला, वारा कधी फिरला, यावर वाद चालत. चूक करणाऱ्याला बोल बसे. पण दुसऱ्या पहाटे तोच माणूस पुन्हा फासाच्या टोकाला निजलेला असे, कारण त्याच्याशिवाय फास पुरा होत नव्हता. संध्याकाळी जाळाभोवती जुन्या शिकारींच्या कथा, गाणी, कधी दारू आणि दारूतून होणारी भांडणे, असा दिवस संपे.

पावसाळ्यात गवत वाढले आणि ओढे भरले की हिंडणे थांबे. तळ एका जागी स्थिरावे आणि लहान पाखरांवर व मजुरीवर दिवस निघत. सुगीच्या दिवसांत मागणी वाढे. पिकांत उतरणाऱ्या हरणांचा बंदोबस्त करणारा पारधी शेतकऱ्याला हवा असे आणि त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळे. उसाच्या फडांची आणि शेतांची राखण करण्याचे जे काम पुढे अनेक पारधी कुटुंबांनी पत्करले, त्याची सुरुवात या जुन्या व्यवहारात आहे.

वाटणी, पंचायत आणि देव

हरणाची शिकार अनेकांची असल्यामुळे मांसही अनेकांचे होते. तळावर आलेली शिकार एका पालात जात नसे, घराघरांत वाटली जाई. शिकारीला न गेलेले म्हातारे, आजारी माणूस, विधवा यांची चूलही त्या दिवशी पेटे. यात दयेपेक्षा हिशेब मोठा होता. आज एकाच्या हाती शिकार लागली तर उद्या दुसऱ्याच्या लागणार, आणि मांस साठवायची सोय नाही. दिलेला वाटा हीच उद्याची शिदोरी होती. तळावरचा सगळा एकोपा या देवघेवीवर उभा होता.

तळातळांमधले व्यवहार जातपंचायत पाही. कोणत्या कुटुंबांनी कोणत्या मुलखात फास लावायचे हे परंपरेने ठरलेले असे. दुसऱ्याच्या मुलखात फास लावला की तक्रार पंचांपुढे जाई आणि दंड बसे. लग्न, काडीमोड, देणेघेणे, मारामारी हेही तिथेच सुटे. सरकारी कचेरीत ज्यांना कोणी उभे करत नव्हते त्यांना ही एकच न्यायाची जागा होती. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उकळत्या तेलातून नाणे काढायला लावणे, तापलेले लोखंड हातात धरायला लावणे अशी दिव्ये या पंचायतींनी करायला लावली आणि त्यांत भाजल्या त्या बहुतेकदा बायका. समाजातल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींनी या प्रथांविरुद्ध आवाज उठवला, ही या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे.

प्रत्येक कुळाची देवी वेगळी. तिची चांदीची मूर्ती किंवा टाक कापडात गुंडाळून पालात जपून ठेवलेला असे आणि तळाबरोबर हिंडे. देवीच्या कार्याला लांबलांबचे तळ एकत्र येत. लग्ने ठरत, जुनी भांडणे मिटत आणि मुलखांच्या हद्दी पुन्हा पक्क्या होत. विखुरलेल्या समाजाला एकत्र बांधणारा हाच दिवस.

राजांचे आणि साहेबांचे तळ

अशाच माळांवर दुसऱ्या प्रकारचे शिकारी तळही पडत. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार करण्याची परंपरा होती. शाहू महाराजांच्या आणि त्यांच्यामागून राजाराम महाराजांच्या काळात तिथे चित्ते पाळले जात. भारतातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. डोळ्यांवर टोपडे घातलेला चित्ता गाडीतून कळपाजवळ नेत, मग टोपडे काढून त्याला सोडत. त्याला माणसाळवणारे चित्तेवान हे पिढीजात कसबी. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि ही विद्याही संपली.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या तळावर तंबू, पलंग, खानसामा, भिस्ती आणि बंदुका असत. कळप कुठे आहे हे साहेबाला ठाऊक नसे, ते दाखवायला पारधी किंवा गावचा माग काढणारा माणूस लागे. शिंगे साहेबाच्या भिंतीवर जात, वाट दाखवणाऱ्याला बक्षीस मिळे आणि त्याचे नाव क्वचितच कुठे लिहिले जाई. बंदुकीने एका दिवसात जेवढी हरणे पडत तेवढी फासाने धरायला अनेक दिवस लागत. तरीही बंदूकवाल्याची शिकार मर्दुमकी ठरली आणि फासवाल्याची शिकार पुढे गुन्हा ठरली.

राखून खाण्याची शिस्त

१९८३ मध्ये कैलास मल्होत्रा, एस. बी. खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू या तीन भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिघेही एकाच मुलखात हिंडत, पण त्यांची सावजे वेगळी होती. फासेपारधी फासाने हरणे आणि पाखरे धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांची शिकार करत. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर, रानमांजर असे लहान मांसाहारी प्राणी पकडत आणि पाण्यात मासे धरत. एकाच्या ताटातले दुसरा ओढत नव्हता.

याच अभ्यासकांनी नोंदवलेली दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. फासात हे शक्य होते. बंदुकीची गोळी सुटली की परत घेता येत नाही, फासातले जनावर मात्र जिवंत असते आणि शिकाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो. आपल्या मुलखात आपल्यालाच पुढच्या वर्षी यायचे आहे, ही जाणीव त्यामागे होती. मुलखाची हद्द, सावजांची विभागणी आणि माद्या-पाडसांना अभय, या तीन नियमांनी माळावरचा कळप टिकवला. हे नियम कोणत्याही कागदावर नव्हते, तळावरच्या माणसांच्या वागण्यात होते.

गुन्हेगारीचा शिक्का

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही त्याच्या कक्षेत आणले. १९२४ मध्ये त्याची नवी संहिता आली. एखादा समाज या कायद्याखाली जाहीर झाला की त्यात जन्मलेला माणूस जन्मानेच संशयित ठरे. बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी द्यावी लागे आणि गावाची हद्द ओलांडायला परवाना लागे. सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभारून अनेक जमातींना तिथे कोंडले गेले आणि गिरण्यांत व सरकारी कामांवर जुंपले गेले.

फासेपारध्यांवर या कायद्याचा घाव दुहेरी पडला. हिंडणे हाच त्यांचा धंदा. कळपामागे जायचे तर रोज हद्द ओलांडावी लागे, आणि रोजची हजेरी द्यायची तर कळप सोडावा लागे. पहाटे अंधारात निघणे, गवतात लपून बसणे, दबक्या आवाजात खुणा करणे ही शिकाऱ्याची कसबे पोलिसाच्या नजरेला चोराची लक्षणे दिसू लागली. तळावर धाड पडली की पुरुष रानात पांगत आणि बायका-मुले मार खात. धंदा मोडल्यावर काहींनी चोरीची वाट धरली हे खरे आहे, पण त्या थोड्यांच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्या समाजाच्या जन्माला चिकटवली गेली. हा अन्याय होता, आणि त्याला सौम्य शब्द वापरायचे कारण नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातींत येतात, राजपारधी विमुक्त जातींच्या यादीत आहेत. एकाच गोतावळ्यातली माणसे दोन याद्यांत विभागली गेल्यामुळे आणि जन्माचा कागद बहुतेकांकडे नसल्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी आजही खेटे घालावे लागतात. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग झाला. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले होते, आणि दोघांनीही या समाजांची निवारा, दाखले व शिक्षण यांवाचून होणारी परवड सरकारपुढे मांडली.

शिकारीचा शेवट आणि नवी वस्ती

स्वातंत्र्यानंतर माळच बदलला. जीप आणि रात्रीचे झोत दिवे घेऊन शिकार करणाऱ्यांनी काळविटांचे कळप उद्ध्वस्त केले. कालव्यांचे पाणी आले तिथे गवताच्या जागी ऊस उभा राहिला. उरलेल्या माळाला सरकारी दप्तरात पडीक म्हटले गेले आणि त्यावर झाडे लावली गेली किंवा कारखाने उभे राहिले. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे वाहनउद्योगाने भरली आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे चाकण आणि तळेगावही याच पट्ट्यात आले. गायरान आणि पडीक रान यांवर ज्यांचा संसार होता त्यांना पाल टाकायला जागा उरली नाही.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट आणि चिंकारा यांना त्यात संरक्षण मिळाले. तेच वर्ष महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचे. हरणे वाचवणे आवश्यकच होते. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. १९९७ मध्ये बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी ५.१४ चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य झाले. आज तिथे हरणांचे कळप दिसतात आणि त्याचे श्रेय या कायद्याला आहे. मात्र ज्यांचा धंदा कायद्याने बंद केला त्यांना दुसरा धंदा देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. शिकारी समाज एका रात्रीत कायद्याबाहेर गेला आणि पालातली माणसे राखणदारी, ऊसतोड, खडी फोडणे, भंगार वेचणे, शहराच्या चौकांत वस्तू विकणे अशा कामांकडे वळली.

या समाजासाठी उभ्या राहिलेल्या कामांत पिंपरी-चिंचवडचे स्थान वेगळे आहे. चिंचवडचे गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांच्या पालांवर राहून काम केले. त्या कामातून १९९३ मध्ये तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीचा प्रकल्प उभा राहिला आणि २००६ मध्ये चिंचवडगावात पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् सुरू झाले. तिथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांची मुले राहून शिकतात, आणि शाळेच्या विषयांबरोबर हाताची कसबेही शिकवली जातात. २०२१ मध्ये प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली. पालांवरच्या जीवनावर त्यांनी ‘पारधी’ हे पुस्तकही लिहिले आहे. विदर्भात वाशीम-अकोल्याकडे ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर आणि इतर गवताळ रानातल्या पाखरांच्या रक्षणाचे काम करते. पाखराचे घरटे कुठे असेल आणि कोणत्या गवताला कोणते पाखरू येईल हे सांगणारी माणसे तिथे पुन्हा माळाच्या कामाला लागली आहेत.

फासांचे दिवस परत येणार नाहीत, येऊही नयेत. पण माळ ओळखणाऱ्या शेवटच्या पिढीतली म्हातारी माणसे अजून हयात आहेत. त्यांचे ज्ञान लिहून घेणे, त्यांच्या नातवंडांना दाखला, घर आणि शाळा देणे आणि माळाच्या राखणीचे पगारी काम आधी त्यांच्याच हाती सोपवणे, ही महाराष्ट्रावर असलेली या समाजाची देणी आहेत. ती फेडायला आधीच फार उशीर झाला आहे.